माझ्याकडे चालतंय

शिव्या तिने पुष्कळ ऐकल्या होत्या, क्वचित मनातल्या मनात दिल्याही होत्या. पण तिच्या डोक्यात तिडीक जायची ती एका साध्यासुध्या शब्दाने. चालतंय. भिंतीचा पोपडा निघालाय, चालतंय. दाराची कडी अर्धीच लागतेय, चालतंय. आणि या सगळ्यांवर कडी म्हणजे ऑफिसातलं रोजचं पालुपद: माझ्याकडे तर चालतंय.

ती टेस्टर होती. नऊ मजल्यांची काचेची कंपनी, चार हजार माणसं. त्यातली बहुतेक सगळी दिवसभर काही ना काही बांधत असत, आणि ती व तिच्यासारखी साठ-सत्तर माणसं ते मोडतं का हे बघत असत. नावाच्या रकान्यात ती दोनशे अक्षरं भरायची. जन्मतारीख पुढच्या वर्षीची टाकायची. "असं कोण करतं?" असं कुणी वैतागून विचारलं, की म्हणायची, "मी केलं ना आत्ता." तिच्या टेबलावर एका ट्रेमध्ये सत्तावीस फोन होते, प्रत्येकाच्या पाठीवर नंबराची चिकटपट्टी. अकरा नंबरची काच तडकली होती, ती तिने मुद्दाम दुरुस्तीला दिली नव्हती. लोकांचे फोन तडकलेलेच असतात, असं तिचं म्हणणं.

ऑफिसात तिला शंकाबाई म्हणत, अगदी तोंडावर म्हणत. तिला त्याचं काही वाटत नसे, कारण घरी बापाने ठेवलेलं नाव याहून वाईट होतं: खुसपट. लग्नाआधी होणाऱ्या नवऱ्याला तिने एकच प्रश्न तीन वेगवेगळ्या दिवशी तीन वेगवेगळ्या शब्दांत विचारला होता, उत्तर बदलतंय का ते बघायला. बदललं नाही, तो पास झाला. बारा वर्षं झाली, अजून मोठा बग निघालेला नाही. बारीकसारीक आहेत, ते सगळ्यांतच असतात.

खुसपट काढायची ही विद्या तिला बापानेच शिकवली होती, त्यामुळे नाव ठेवायचा हक्कही त्यांचाच. बाबा कटिंग मास्तर. चाळीस वर्षं त्यांनी लोकांची मापं घेतली आणि कापड कापलं. ती आठ वर्षांची असल्यापासून ते तयार शर्ट तिच्या अंगावर टाकायचे आणि म्हणायचे, "उलटा कर. सुलट बाजू काय, सगळं जग बघतं. आतून बघ." एकदा तिने एक काज दोराभर तिरकं आहे म्हणून सांगितलं. बाबांनी चष्मा कपाळावर चढवला, काज बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "कुठलं हे खुसपट जन्माला आलंय!" मग मुकाट्याने उसवून पुन्हा केलं. आई तेव्हा होती. ती म्हणाली होती, "चालेल हो ते कुणालाही." त्यावर बाबा चिडले. चालेल, चालतंय, हे शब्द त्यांच्या दुकानात चपलांबरोबर बाहेर काढून ठेवायचे असत.

तर अशा या शंकाबाईच्या गळ्यात गेले सहा आठवडे एक ॲप पडलं होतं. नाव 'सोबत'. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी. पडद्यावर दुसरं काही नाही, मधोमध एक लाल गोल आणि त्यावर मोठ्या अक्षरात 'मदत'. गोल दाबला की प्रश्न यायचा, 'मदत बोलवायची?' त्याखाली दोन बटणं: वर 'हो', खाली 'नको'. हो म्हटलं की मुलाच्या किंवा मुलीच्या फोनवर अशी कर्कश घंटा वाजायची की झोपलेला काय, बेशुद्ध माणूसही उठेल. येत्या शुक्रवारी हे दोन लाख फोनांवर जाणार होतं. त्याआधी चाचणी म्हणून कंपनीतल्याच साठ जणांच्या आईवडिलांना दिलं होतं. एकतीस नंबर म्हणजे तिचे बाबा. आई गेल्यापासून ते दोन खोल्यांत एकटेच राहत. सुरुवातीलाच तिने त्यांच्या फोनवर ॲप घालून दिलं, तेव्हा म्हणाले होते, "एकच बटण? मग मला झेपेल. मी दिवसाला शंभर लावलीत."

सोमवारी सकाळी ती नोंदी चाळत बसली होती. एकतीस नंबर, रविवार, दहा वाजून चाळीस मिनिटं: 'मदत' दाबलं. त्याच्या खाली, त्याच सेकंदाला: 'नको' दाबलं. बस्स. तिच्या फोनवर घंटा वाजली नव्हती.

तिने लगेच फोन लावला.

"बाबा, काल सकाळी मदतीचं बटण दाबलं होतंत?"

"नाही गं. फोन पुसताना हात लागला असेल."

"आणि मग नको दाबलंत?"

"दाबलं असेल. तू जेवलीस का?"

"अकरा वाजलेत बाबा."

"मग नंतर जेव. ठेवतो."

"तुमचं कसं चाललंय पण?"

"चालतंय," बाबा म्हणाले आणि फोन ठेवला.

तिने नोंदीकडे पुन्हा बघितलं. प्रश्न वाचायचा, समजून घ्यायचा, नको म्हणायचं ठरवायचं आणि बोट उचलून पुन्हा दाबायचं. एवढं सगळं एका सेकंदात होत नाही. बायकोने विचारलं असेल तर कुणी इतक्या पटकन नको म्हणत असेल, पण यंत्राला म्हणत नाही. कुठेतरी पाणी मुरत होतं. तिने बग लिहिला.

ते ॲप बांधणारा प्रोग्रामर तिच्याहून दहा वर्षांनी लहान, स्वभावाने गरीब गाय. त्याचं खरं नाव पगाराच्या पाकिटावर असेल तेवढंच. तिच्याकडून त्याला नाव पडलं होतं 'चालतंय'. त्याने बग वाचला आणि स्वतःच्या फोनवर पाच वेळा 'मदत' दाबलं. पाचही वेळा प्रश्न आला आणि त्याच्या उत्तराची शांतपणे वाट बघत थांबला.

"ताई," तो अपराधी चेहऱ्याने म्हणाला, "माझ्याकडे तर चालतंय."

दुपारी मॅनेजर बाईंच्या खोलीत बैठक झाली. बाई न्यायाने वागणाऱ्या होत्या, पण त्यांच्या डोक्यावर शुक्रवार बसला होता.

"तुझे वडील स्वतः काय म्हणतात?"

"म्हणतात, पुसताना हात लागला."

"मग झालं की. हात लागला, परत लागला, रद्द झालं. ॲपने बरोबरच केलं."

"माझे वडील फोन पुसत नाहीत," ती म्हणाली. "आम्ही लहान असताना खिडक्यासुद्धा आईच पुसायची."

सगळे हसले. तीही हसली, पण तिला आत खुपत होतं. आपला बाप खोटं बोलतोय, असं चारचौघांत कसं म्हणायचं? आणि का बोलतोय, तेही तिला ठाऊक नव्हतं.

"'नको' तिथून हलवा तरी," ती म्हणाली. "लाल गोल जिथे असतो, बरोबर तिथेच ते येतं."

"आता रचना हलवायची तर तारीख हलते. तारीख हलवायला मला कारण दाखवावं लागतं." बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "पुन्हा करून दाखव. एकदा. गुरुवारी दुपारपर्यंत. मी स्वतः रिलीज थांबवेन. नाही जमलं, तर शुक्रवारी जाऊ दे."

हा टेस्टरांच्या धंद्याचा नियमच आहे. जो बग पुन्हा करून दाखवता येत नाही, तो बग नाही, ती अफवा. त्याच्यावर 'पुन्हा घडत नाही' असा शेरा मारतात आणि फाइल बंद करतात.

मंगळवारभर तिने तो गोल दाबला. अंगठ्याने, करंगळीने, ओल्या बोटाने, हातमोजा घालून. सत्तावीसही फोनांवर. उभ्याने, चालता चालता, लिफ्टमध्ये, जिन्यात. पटापट दोनदा दाबलं, तर ॲप दोन्ही मिळून एकच धरत होतं. ती सोय चालतंयनेच केली होती आणि नीट केली होती. सावकाश दोनदा दाबावं, तर तोवर प्रश्न समोर येऊन उभा राही, आणि समोर दिसत असताना नको दाबणं हा काही बग नाही. बुधवारी दुपारी शेजारच्या बाईने विचारलं, "शंकाबाई, जमिनीवर का बसलायत?" ती म्हणाली, "जमिनीवरून दाबून बघतेय." तेही चाललं.

चालतंयने तिला न विचारताच चहा आणून दिला आणि तिच्या टेबलाशी घुटमळत राहिला.

"ताई, काकांना एकदा विचारून बघा ना. नक्की काय केलं त्यांनी?"

"विचारलं. चालतंय म्हणाले."

हे बोलली आणि तिचा कप तोंडाशीच थांबला. चालतंय? बाबा? ज्या माणसाने या शब्दावरून आईशी भांडण काढलं, तो चालतंय म्हणाला? आणि एकदाच कुठे. गेल्या रविवारीही म्हणाले होते, त्याच्या आधीच्याही. रिलीजच्या धामधुमीत सहा आठवडे ती घरी गेलीच नव्हती. रविवारी फोन करायची, कसं चाललंय विचारायची, ते चालतंय म्हणायचे, आणि ती कर्तव्य उरकल्यासारखी फोन ठेवायची. दुसऱ्या कुणी हा शब्द उच्चारला असता तर तिने त्याचं सालटं काढलं असतं.

तिने कप खाली ठेवला, पर्स उचलली आणि चार वाजताच निघाली.

बाबांचं घर दुसऱ्या मजल्यावर. दार उघडायला वेळ लागला. कडी दोनदा वाजली, मग निघाली.

"आज कशी उगवलीस?" म्हणाले, पण चेहरा फुलला.

ती आत आली आणि तिने, सहा आठवड्यांत पहिल्यांदा, घराकडे टेस्टरच्या नजरेने बघितलं.

बाबांच्या अंगात डोक्यातून घालायचा, लांब बाह्यांचा टी-शर्ट होता. टी-शर्ट! "ज्याला बटण नाही तो कपडा नव्हे, तो अभ्रा," असं म्हणणारा माणूस. खिडकीशी शिलाई मशीन, तिच्यावर झाकण, आणि झाकणावर बोट फिरवलं तर रेघ उठेल एवढी धूळ. सुया टोचायच्या उशीत सात सुया होत्या, एकीतही दोरा नव्हता. बाबांनी चहा केला. तिचा कप काठोकाठ भरून ओट्यावर ठेवला आणि म्हणाले, "तुझा तू घे." स्वतःचा घेतला तो अर्धाच, आणि तोही डाव्या हातात. उजवा हात टेबलाखाली.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. सत्तावीस फोनांच्या काचेवरचा ओरखडा न ओरखडा तिला पाठ होता, आणि बापाच्या अंगावरून शर्ट गेला त्याचा पत्ता नव्हता.

विचारलं तर काय होणार, हे तिला माहीत होतं. पुन्हा चालतंय म्हणतील. बाबांना कुणी विचारलेलं आवडत नसे. मदत करू का म्हटलं की 'नको' हे तोंडात तयारच. म्हणून तिने त्यांच्याबद्दल काही विचारलं नाही. पर्समधून फोन काढून टेबलावर ठेवला.

"बाबा, मला एक खोट सापडत नाहीये."

"तुला?" त्यांनी भुवया वर केल्या. "तुला सापडत नाही म्हणजे नसेल."

"आहे. कुठंतरी आतून उसवलंय. मी सगळ्या बाजूंनी उलटंपालटं करून बघितलं."

मग तिने त्यांना सगळं सांगितलं. लाल गोल, प्रश्न, हो, नको, ती एका सेकंदाची नोंद. शुक्रवारची तारीख. बाबा ऐकत होते.

"किती जणांकडे जाणार हे?"

"दोन लाख."

"सगळे माझ्याच वयाचे?"

"वयाचे आणि एकटे राहणारे."

"आणि तुझी ती माणसं काय म्हणतात?"

"ती म्हणतात, खोट नाहीच. एकतीस नंबरचे आजोबा स्वतःच म्हणालेत ना, हात लागला म्हणून."

"म्हणजे मी म्हणालो म्हणून हे जाणार?"

"तेवढा एकच पुरावा आहे त्यांच्याकडे."

बाबांनी कप ठेवला. खिडकीबाहेर बघितलं, मशीनकडे बघितलं. वाट बघणं हा तिच्या कामाचा अर्धा भाग होता.

"मालात खोट आहे हे माहीत असून गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवायचं," बाबा स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "असं मी कधी केलेलं नाही." आणि त्यांनी उजवा हात टेबलावर आणून ठेवला.

हात थरथरत होता. फार नाही. पण थांबत नव्हता. तर्जनी आणि अंगठा एकमेकांवर घासल्यासारखे हलत होते, न दिसणारी सुई धरल्यासारखे. याच हाताने खडूची रेघ ओढली की पट्टी लावून बघायची गरज पडत नसे.

"कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून. आधी दोरा ओवेना. मग काज होईना. मग बटण लागेना." ते हातावर नजर ठेवून बोलत होते. "रविवारी स्टुलावर चढलो होतो, वरची रिळांची पेटी काढायला. पडलो. काही मोडलं नाही, कोपर तेवढं सुजलंय. पण उठता येईना. तुझं ते बटण दाबलं. काहीच झालं नाही. मग म्हटलं, बरंच झालं. तू कामात असशील. मशीनचा पाय धरून उठलो."

"किती वेळ होतात खाली?"

"असेन पाऊण तास."

पाऊण तास. त्या वेळी ती घरात, सोफ्यावर पाय पसरून, याच ॲपच्या चाचण्यांची यादी करत होती.

"दाखवता?" ती म्हणाली. "कसं दाबलंत ते?"

बाबांनी फोन जवळ ओढला. बोट लाल गोलावर नेलं. बोट टेकलं, पटकन पुन्हा टेकलं, क्षणभर अडखळलं आणि तिसऱ्यांदा टेकलं. पहिल्या दोन्ही वेळा मिळून ॲपने एक धरली, जशी धरायला हवी. प्रश्न आला. आणि तो डोळ्यांना दिसायच्या आतच तिसरा स्पर्श खाली पडला, बरोबर 'नको' वर. पडदा पूर्वीसारखा झाला. लाल गोल, मदत. काही घडलंच नव्हतं जणू.

"सापडला!" ती खुर्चीवरून उडालीच. "बाबा, सापडला! तिसरा! तिसरा स्पर्श! अहो, पुन्हा करा, पुन्हा करा!"

बाबांनी पुन्हा केलं. पुन्हा तेच. तिने टाळी वाजवली, लहानपणी वाजवायची तशी, आणि टाळी वाजवता वाजवता तिच्या लक्षात आलं की आपण कशावर टाळ्या वाजवतोय. तिने दोन्ही हात तोंडावर ठेवले. रडू आलं ते मग थांबेना.

"अगं," बाबा म्हणाले, "एवढी खूश तर तू तुझ्या लग्नातही नव्हतीस. त्यात रडायचं काय?"

"मला दिसलं कसं नाही?"

"मी लपवलं होतं." त्यांनी थरथरता हात तिच्या डोक्यावर ठेवला. "चाळीस वर्षं लपटीप घातली आहे मी. मी लपवलेली टीप तुला कशी दिसेल? बाकी फोनवर दर रविवारी खोटं बोलायचं म्हणजे जिवावर यायचं. तो शब्दही मेला तोंडात बसत नव्हता."

ती रडता रडता हसली. मग दोघांनी सौदा केला. उद्या तिचं काम, परवा डॉक्टर. परवा म्हणजे परवाच.

"उद्या तुम्हाला काही करायला नको," ती डोळे पुसत म्हणाली. "मी आत्ता तुमच्या हाताचा व्हिडिओ काढते."

"नको." हा नको मात्र पक्का होता. "नुसता हात कुणाकुणाच्या फोनवर फिरणार. बघणारा म्हणणार, अरेरे. मी स्वतः येतो. माणूस समोर असला की लोक तोंडाकडे बघून बोलतात."

गुरुवारी दहाला ती कंपनीच्या दाराशी उभी होती. बाबा आले. पायात पॉलिश केलेले बूट, आणि अंगात शर्ट. त्यांनी स्वतः शिवलेला, फिकट निळा, कॉलर अजून ताठ. तिने एका नजरेत वरपासून खालपर्यंत बघितलं, सवयच ती. वरून तिसरं बटण चौथ्या काजात गेलं होतं आणि तिथून खाली सगळी ओळ एकेक घर चुकली होती. सगळ्यात खाली एक बटण मोकळंच.

हा शर्ट चढवायला आज किती वाजता उठले असतील?

"काय, काही खुसपट?" बाबांनी विचारलं.

"छे," ती म्हणाली. "चला."

मॅनेजर बाईंच्या खोलीत चालतंयने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मग धर्मसंकटात पडल्यासारखा उभा राहिला. त्याने फोन हातात घेऊन गोल दाबून दाखवला. प्रश्न आला आणि थांबला.

"काका, तुम्हीच बघा. माझ्याकडे तर चालतंय."

"तुमच्याकडे चालणारच हो," बाबा म्हणाले. "तुमचा हात चालतोय. आणा इकडे."

त्यांनी दाबलं. नको. दुसऱ्या फोनवर दाबलं. नको. तिसऱ्यावर प्रश्न थांबला. पुन्हा दाबलं, नको. अकरा नंबरवर, तडकलेल्या काचेवर, नको. बाबांनी म्हटलं होतं तसंच झालं, कुणीही हाताकडे बघत नव्हतं. चालतंय तर त्यांच्या चेहऱ्याकडेच बघत होता, आणि त्याचा स्वतःचा चेहरा पार उतरला होता.

"काका, सॉरी," तो म्हणाला. "मी माझ्याच बोटाने बघत राहिलो."

"त्यात काय एवढं? नवा कारागीर स्वतःच्या अंगाला लावूनच बघतो," बाबा म्हणाले. "शिवणाऱ्याला बसला म्हणजे शर्ट झाला असं नाही. ज्याचा आहे त्याच्या मापाचा हवा. माप घ्या की. मी बसलोय."

मग चालतंयने खरोखरच माप घेतलं. तासभर तो बाबांच्या शेजारी बसून एकेका स्पर्शातलं अंतर लिहून घेत होता, आणि बाबा त्याला "एवढं घट्ट नको, थोडं सैल ठेवा, पुढे अंग वाढतं" असं सांगत होते. हाताची थरथर वाढणार, हे त्यांनी किती सहज सांगितलं! मॅनेजर बाईंनी कुणालातरी फोन करून तारीख दहा दिवस पुढे ढकलली. 'नको' पडद्याच्या दुसऱ्या टोकाला जाणार होतं, आणि प्रश्न आल्यावर दोन सेकंद ॲप कुठलाही स्पर्श मोजणार नव्हतं. बगच्या पानावर 'पुन्हा घडतो का?' असा रकाना असतो. तिने त्यात लिहिलं: बहुतेक दर वेळी. 'कुणाला सापडला?' या रकान्यात तिने स्वतःचं नाव खोडलं आणि लिहिलं: कटिंग मास्तर.

ती त्यांना खाली सोडायला निघाली. लिफ्टमध्ये दोघंच होते. मागच्या भिंतीला पूर्ण उंचीचा आरसा होता, आणि बाबांनी सवयीने त्यात बघितलं. कॉलर, खांदे, मग नजर खाली उतरली आणि तिथेच अडकली.

"हे सकाळपासून असंच आहे?"

"हो."

"तुला दिसलं नव्हतं?"

"दाराशीच दिसलं."

"मग बोलली का नाहीस?"

तिला दुसरं काही सुचलं नाही. "चालतंय बाबा," ती म्हणाली.

बाबा गर्रकन वळले. इतके चिडलेले तिने त्यांना कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं, आणि तिला बरं वाटलं.

"चालतंय? काय चालतंय? हेच शिकवलं मी तुला? इतक्या लोकांसमोर मास्तर तिरपा बसला होता, आणि म्हणे चालतंय!"

लिफ्ट थांबली, दार उघडलं. दोघंही उतरले नाहीत. दार थोडं थांबून पुन्हा मिटलं.

बाबांनी दोन्ही हात खाली सोडले. उजवा थरथरत होता, त्याला त्यांनी थरथरू दिलं. छाती तिच्यापुढे केली.

"सगळी काढ आणि पुन्हा लाव," ते म्हणाले. "आणि खालून सुरुवात कर. खालून लावलं की चुकत नाही."

तिने डोळे पुसले, सगळी बटणं सोडवली, आणि खालून सुरुवात केली.